प्लेटलेट ते एकेक पेशी: मोजणीतल्या खरखरीचा इतिहास

पाऊस सुरू झाला की आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात तापाचे पेशंट वाढतात आणि त्यांच्याबरोबर प्लेटलेटचे रिपोर्टही. मागच्या पावसाळ्यात अंबरनाथचे एक गृहस्थ मुलाचे दोन रिपोर्ट घेऊन आले. सकाळी एका लॅबमध्ये ६२ हजार, दुपारी दुसऱ्या लॅबमध्ये ४८ हजार. "डॉक्टरसाहेब, पाच तासांत चौदा हजार उतरल्या. ॲडमिट करू का?" मुलगा समोर बसून बिस्किट खात होता. बीपी चांगला, लघवी व्यवस्थित, पोटात दुखत नव्हते, उलट्या नव्हत्या, हिमॅटोक्रिट वाढलेला नव्हता.

त्याच आठवड्यात बदलापूरच्या एका जुन्या पेशंटची मुलगी भेटायला आली. वडिलांवर रक्ताच्या कॅन्सरचे उपचार चालू आहेत आणि ती स्वतः बायोटेक्नॉलॉजी शिकते. तिचा प्रश्न होता, "सर, बाबांची सिंगल सेल आरएनए सिक्वेन्सिंग करून घेता येईल का? त्यात एकेक पेशी वेगळी तपासतात ना?"

एक प्रश्न रोजचा, दुसरा एकदम नवा. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपण काही मोजतो तेव्हा आकड्यात खरी माहिती असते आणि तिच्यात खरखरही मिसळलेली असते, जुन्या रेडिओवर गाण्यामागे असायची तशी. संख्याशास्त्रात तिला नॉइज म्हणतात. ही खरखर ओळखायची आणि गाळायची कशी, याचा इतिहास मजेशीर आहे, आणि त्यातला एक मोठा अध्याय आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माणसाने लिहिला आहे.

आम्ही एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात रक्तपेशी हाताने मोजायचो. काचेच्या जाड पट्टीवर बारीक चौकोन कोरलेले असत. रक्त २० पट पातळ करायचे, थेंब पट्टीवर सोडायचा, सूक्ष्मदर्शकाखाली कोपऱ्यांतल्या चार मोठ्या चौकोनांतल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि ५० ने गुणायचे. माझ्या १२० पेशी भरायच्या, म्हणजे ६,०००. शेजारच्या मित्राच्या त्याच रक्तात १०५ निघायच्या, म्हणजे ५,२५०. आम्ही एकमेकांना आंधळा ठरवायचो. खरे तर दोघेही बरोबर होतो.

हे १९०७ मध्येच सिद्ध झाले होते, आणि तेही दारूच्या कारखान्यात. डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ नोकरीला होता. बीअर आंबवायला यीस्ट लागते आणि किती घातले हे पेशी मोजूनच कळते. त्यासाठी तो आमच्यासारखीच चौकोनांची काच वापरायचा. द्रावण कितीही नीट ढवळले तरी एका चौकोनात चार पेशी, शेजारच्यात सात, तिसऱ्यात एक. ४०० चौकोन मोजून त्याने दाखवले की हा फरक निष्काळजीपणाचा नाही. पेशी योगायोगाने विखुरतात आणि त्या विखुरण्याला नियम आहे. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून लेख 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला गेला.

नियम सोपा आहे. जितक्या पेशी मोजल्या त्या संख्येचे वर्गमूळ काढा. त्याच्या दुपटीइतका आकडा वर किंवा खाली जाणे हे नुसत्या योगायोगानेही होऊ शकते. १२० चे वर्गमूळ ११, म्हणजे ९८ ते १४२. माझे ६,००० हे खरे तर "४,९०० ते ७,१०० च्या दरम्यान कुठेतरी" असे होते. प्लेटलेट हाताने मोजताना तर ५० हजारांसाठी जेमतेम ५० प्लेटलेट मोजल्या जातात. हिशेब केला तर ३६ ते ६४ हजारांतला कुठलाही आकडा त्याच रक्तातून निघू शकतो.

आता लॅबमध्ये मशीन असते. १९५३ मध्ये वॉलेस कूल्टर यांना अमेरिकेत ज्या युक्तीचे पेटंट मिळाले, तिच्यावर आजही बरीच मशीन चालतात: बारीक छिद्रातून एकेक पेशी जाऊ द्यायची आणि विजेच्या प्रवाहात पडणारा खंड मोजायचा. मशीन हजारो पेशी मोजते, त्यामुळे योगायोगाची खरखर पुष्कळ कमी होते. पण दुसऱ्या चुका शिरतात. दोन पेशी एकदम छिद्रातून गेल्या तर मशीन एकच मोजते. प्लेटलेटचे गठ्ठे झाले तर त्या गणतीतून सुटतात. लाल पेशींचे तुकडे प्लेटलेट म्हणून मोजले जातात. दोन लॅबची मशीन वेगळी असतील तर आकडेही थोडे वेगळे येतात. म्हणून मी सांगतो, आजारपण संपेपर्यंत लॅब बदलू नका. त्या मुलाच्या रक्ताची काचपट्टी मी बघायला लावली. गठ्ठे होते. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस डेंग्यूत सगळ्यात जपायचे असतात, त्यामुळे मी त्याला रोज बोलावले, पण ॲडमिट केले नाही.

खरखर म्हणजे नुसता योगायोग असता तर गोष्ट इथेच संपली असती. १९२० मध्ये मेजर ग्रीनवुड (मेजर हे नावच, हुद्दा नाही, पेशाने ते डॉक्टर) आणि उडनी यूल या ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धातल्या दारूगोळा कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या अपघातांची नोंद तपासली. सगळ्या कामगार सारख्या असत्या तर अपघात गॉसेटच्या यीस्टसारखे विखुरले असते. तसे झाले नव्हते. काहीजणींना एकही अपघात नाही आणि मोजक्या काहींना वारंवार, योगायोगाने समजावता येणार नाही इतके. म्हणजे आकड्यांच्या चढउतारात दोन थर होते: एक योगायोगाचा, दुसरा माणसामाणसांतल्या खऱ्या फरकाचा. दोन्ही थर एकत्र मांडणारे गणित त्यांनी वापरले. त्याचे नाव ऋण द्विपद विभाजन. नाव विसरलात तरी चालेल, पण गणित लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. माझ्याकडे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले काही पेशंट येतात. त्यांना हे सांगितले तर ते म्हणतात, यात शोध काय, आमच्या शॉपमध्ये सगळ्यांना माहीत होते कोणाचा हात कधीही मशीनमध्ये जाईल.

आता साताऱ्याकडे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी झाला. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिक्षण, मग लंडनमध्ये संख्याशास्त्रात पीएचडी. पुढे जगभरच्या शेती आणि अन्नाचे आकडे गोळा करणाऱ्या एफएओ या संस्थेत ते रोमला संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. त्या काळी जगातली दोन तृतीयांश माणसे उपाशी आहेत असे सरसकट म्हटले जाई. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये हिशेब मांडला की पोटाला कमी पडणारे साधारण १० ते १५ टक्के आहेत. निकस आहार असणारे मात्र त्याहून खूप जास्त, जवळजवळ निम्म्यापर्यंत.

निवृत्तीनंतर पुण्याला परतल्यावर त्यांनी खरा वाद ओढवून घेतला. १९७१ मध्ये गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात माणशी रोज २,२५० कॅलरी ही रेषा धरली होती. सुखात्मे म्हणाले, थांबा. निरोगी माणूससुद्धा रोज सारखे खात नाही आणि सारखी शक्ती खर्च करत नाही. आज कमी, उद्या जास्त, वजन मात्र स्थिर. शरीर आपला तोल आपणच सांभाळते. मग एखाद्या दिवशी सरासरीखाली दिसलेल्या प्रत्येकाला उपाशी कसे म्हणता? एका दिवसाचे मोजमाप हा फोटो आहे. त्यात दिसणारा फरक माणसामाणसांतला किती आणि एकाच माणसाच्या दिवसादिवसांतला किती, हे वेगळे केल्याशिवाय बोलू नका. त्यांच्या मते रेषा सरासरीवर नाही, तिच्या बरीच खाली हवी होती. तशी ती नेली की उपाशी माणसांची संख्या एकदम घटत होती.

दांडेकरांनी त्यांना जोरदार विरोध केला. आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांचा विरोध तर डॉक्टरचा होता: शरीर कमी अन्नावर जुळवून घेते हे खरे, पण त्याची किंमत मोजते. मूल वाढत नाही, खेळत नाही, मोठेपणी काम कमी करते. शिवाय सुखात्म्यांचा आधार मुख्यतः मोजक्या तरुण पुरुषांच्या काही आठवड्यांच्या नोंदींचा होता. त्यावरून गरोदर बाईची किंवा दोन वर्षांच्या पोराची रेषा ठरवायची का?

मी संख्याशास्त्रज्ञ नाही. पण तीसेक वर्षे पेशंट बघून माझे मत असे झाले आहे की सुखात्म्यांचा प्रश्न अचूक होता आणि त्यांची रेषा धोक्याची. खरखर म्हणून जे गाळले त्यात खरोखर उपाशी असलेली पोरे होती. मशीनमध्ये चूक झाली तर दुसरा रिपोर्ट काढता येतो. गणतीतून गाळलेल्या पोराचा दुसरा रिपोर्ट कोणी काढत नाही.

बदलापूरच्या मुलीचा प्रश्न इथेच येतो. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचे तेच जाड पुस्तक असते. पण यकृताची पेशी त्यातली काही पाने वाचते, मेंदूची वेगळी. वाचलेल्या पानाची जी नक्कल निघते ती आरएनए. पूर्वी लाखो पेशी एकत्र वाटून सरासरी आरएनए मोजत. २००९ मध्ये उंदराच्या भ्रूणातल्या एकाच पेशीचा आरएनए वाचण्यात यश आले. २०१५ मध्ये प्रत्येक पेशी तेलातल्या सूक्ष्म थेंबात कोंडून हजारो पेशी एकदम वाचायची युक्ती निघाली.

आणि जुनी खरखर परत आली, पूर्वीपेक्षा मोठी. बऱ्याच पद्धतींत पेशीतल्या दहा नकलांपैकी एक ते तीनच मशीनच्या हाती लागतात. समजा एका जनुकाच्या पेशीत पाच नकला आहेत आणि प्रत्येक सापडण्याची शक्यता दहात एक. मग अशा १०० पेशींपैकी सुमारे ५९ पेशींत त्या जनुकासमोर शून्य दिसेल. जनुक बंद नाही, सापडले नाही एवढेच. शिवाय पेशी आपली नक्कल झटक्याझटक्याने काढते, आता भरपूर, थोड्या वेळाने काहीच नाही. आणि तपासताना ती फुटते, म्हणजे तीच पेशी पुन्हा मोजता येत नाही. सुखात्म्यांचा फोटोच हा, फक्त माणसाऐवजी पेशीचा.

यावर उपाय केले जातात. एका पेशीतून १०,००० नकला सापडल्या आणि दुसरीतून ५,०००, तर दोन्ही एका मापावर आणतात. याला नॉर्मलायझेशन म्हणतात. आपण टक्केवारी काढतो तसेच. पण दुसरी पेशी मुळातच लहान आणि शांत असेल तर? तो खरा फरकही या भागाकारात पुसला जातो. म्हणून नुसत्या भागाकाराऐवजी योगायोगाचा थर आणि खऱ्या फरकाचा थर वेगळे करणाऱ्या पद्धती आल्या. २०१९ मध्ये हाफेमाइस्टर आणि सतीजा यांनी मांडलेली अशी एक पद्धत खूप वापरली जाते. तिच्या पोटात आहे ते ऋण द्विपद विभाजन, दारूगोळा कारखान्यातल्या बायकांच्या अपघातांचे गणित.

त्याआधी गाळणी लागते. रिकामे थेंब काढा, दोन पेशी अडकलेले थेंब काढा (कूल्टर मशीनचीच अडचण), मरायला टेकलेल्या पेशी काढा. मरणारी पेशी ओळखायची खूण म्हणजे तिच्यात मायटोकॉन्ड्रियाचा आरएनए प्रमाणाबाहेर दिसतो. पण हृदयाच्या स्नायूपेशीत तो निरोगी असतानाही भरपूर असतो, कारण ती रात्रंदिवस राबते. रक्ताला लावायची रेषा हृदयाला लावली तर धडधाकट पेशी मेलेल्या म्हणून कचऱ्यात जातात. उलट न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीत मुळात आरएनए कमी. जंतूंवर सगळ्यात आधी धावून जाणारी ही पेशी, पण गाळणीत पुष्कळदा रिकामा थेंब समजून फेकली जाते.

मी त्या मुलीला सांगितले की ही तपासणी सध्या मुख्यतः संशोधनाची आहे. तुझ्या बाबांचे उपचार बोन मॅरो, फ्लो सायटोमेट्री आणि जनुकांच्या ठरलेल्या तपासण्यांवरच ठरतील. त्यासाठी पैसे आणि धावपळ राखून ठेवा. कोणी ही तपासणी विकायला आले तर आधी बाबांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. तिला पटले. मग म्हणाली, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ती अशाच उपलब्ध आकड्यांवर काम करते आणि ज्या पेशीत २०० पेक्षा कमी जनुके दिसतात त्या सुरुवातीलाच काढून टाकते, सगळेच तसे करतात.

"किती गेल्या? आणि कसल्या होत्या त्या?" मी विचारले.

"ते नाही पाहिलं, सर," ती म्हणाली. "बाबांना पुढच्या महिन्यात आणीन तेव्हा सांगते."