डब्याचा ताळेबंद

बँकेतला कारकून हा प्राणी सकाळी जेवायला येतो आणि संध्याकाळी जेवून घरी जातो, अशी आमच्या ग्राहकांची ठाम समजूत आहे. ती दूर करण्याचा प्रयत्न मी एकवीस वर्षांच्या नोकरीत कधी केला नाही, कारण तिच्यात थोडंफार तथ्य आहे. दारव्हा, पांढरकवडा, उमरखेड आणि आता यवतमाळ अशा जिल्ह्यातल्या निरनिराळ्या शाखांतून मी मन लावून जेवलेलो आहे. चार पुडांचा डबा. दोनात पोळ्या, एकात रस्सेदार भाजी, एकात भात, वर वरण. शिवाय कुणाला नातू झाला, कुणाचा मुलगा तलाठी झाला, की काऊंटरवर पेढा येतो. तो नाकारणं ग्राहकसेवेच्या तत्त्वात बसत नाही.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं. उपाशीपोटीची साखर बरी निघाली, म्हणून मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दुसरा आकडा दाखवला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा, ८.४. इथे मात्र बँकेतला माणूस जागा झाला. उपाशीपोटीची साखर म्हणजे ३१ मार्चची शिल्लक. आदल्या दिवशी इकडचं तिकडे करून ती सजवता येते. (कशी, ते मी सांगणार नाही.) पण तीन महिन्यांची सरासरी शिल्लक? तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली डबाही लिहून दिला: भात बंद, पोळ्या कमी, ज्वारीची एक भाकर किंवा कण्या, पातळ उसळ, अंबाडी नाहीतर दुसरी पालेभाजी, जवसाची चटणी, ताक. घरी येऊन मी ती चिठ्ठी गंभीर आवाजात वाचून दाखवली. आमची आजी नव्वदीला आलेली आहे. ऐकू कमी येतं, पण खाण्याचं सगळं येतं. ती म्हणाली, "हे त तुया आज्याची शिदोरी व्हय! याचे डाक्तरनं किती घेतले?"

"पाचशे."

"आमी त फुकट जेवत होतो बाप्पा."

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. एखादं खातं तोट्यात गेलं की जुनी लेजरं काढायची, कधीपासून आणि कुणाच्या सहीने पैसे गेले ते शोधायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं असतं. मी आजोबांच्या शिदोरीचं लेजर काढलं. म्हणजे फावल्या वेळात (ग्राहकांच्या मते तो आमच्याकडे भरपूर असतो) वाचायला बसलो.

पहिल्याच पानावर धक्का. जिला आपण अस्सल वऱ्हाडी समजतो ती ज्वारी मुळात आफ्रिकेची. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती इकडे आली आणि राहिली. एवढ्या जुन्या खातेदाराला परकं म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण ठेच्याचं काय? मिरची अमेरिकेची, पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आलेली. शेंगदाणा तिकडचाच, बटाटा आणि टमाटाही तिकडचेच. म्हणजे शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली तेव्हा महाराष्ट्रात भाकर होती, पण ठेचा नव्हता! तिखटाची हौस मिऱ्यावर भागवावी लागे. आमच्या शाखेतल्या शिपायाला मी हे सांगितलं, तर त्याने अविश्वासाने मान हलवली. ठेच्याशिवाय एवढा मोठा ग्रंथ होणं शक्य नाही, असं त्याचं मत आहे.

डबा ही चीज त्याहून पोरकट. शेतकऱ्याला डबा नव्हता. फडक्यात बांधलेली भाकर, तीवर चटणी-कांदा, आणि भूक लागेल तेव्हा झाडाखाली जेवण. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर भूक लागण्याची शिस्त कचेऱ्यांनी आणि गिरण्यांनी लावली. मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली डबे पोचवण्याची व्यवस्था उभी केली, ती घरचं अन्न आणि साहेबाचं घड्याळ यांचं लग्न लावण्यासाठीच. आमच्याकडे घड्याळ आलं ते कापसाच्या पाठोपाठ. तेव्हा यवतमाळ हे जिल्ह्याचं नावसुद्धा नव्हतं. १९०५ पर्यंत हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. कापूस बाहेर न्यायला किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे टाकली, तीच आमची शकुंतला. एप्रिल १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. मग डिझेलचं आलं आणि पुढे गाडीच बंद झाली. आजोबा त्या गाडीने दारव्ह्याहून मूर्तिजापूरला जात तेव्हा शिदोरी दोन वेळची नेत. गाडी इतकी सावकाश चाले, की एका स्टेशनावर सोडलेली गाठ दुसरं स्टेशन येईपर्यंत निवांत बांधता येई. गाडी कापसासाठी होती. माणसं आपली सोबतीला.

पण कापूस कितीही पिकला तरी आजोबा वावराचा एक तुकडा ज्वारीला ठेवत. कापूस सावकाराचा आणि ज्वारी पोटाची, असा सरळ हिशेब होता. माणसाला दाणा, बैलाला कडबा. आमच्या बँकेच्या कुठल्याच कर्जप्रकरणात एवढा बळकट तारणाचा प्रकार मी पाहिलेला नाही.

मग हा हिशेब बिघडला कुठे? लेजरात इथे बऱ्याच सह्या आहेत. १९५६ पासून अमेरिकेचा गहू पी. एल. ४८० च्या करारातून येऊ लागला आणि रेशनच्या दुकानातून घराघरांत शिरला. तोवर आमच्या घरी पोळी म्हणजे सण किंवा जावई. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचं सीएसएच-१ हे वाण आलं. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक आमच्याच जिल्ह्याचे, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. महाराष्ट्राने स्वतःचं धान्य स्वतः पिकवावं हा त्यांचा ध्यास होता आणि हायब्रीड ज्वारीमागे ते जिद्दीने उभे राहिले. ही ज्वारी ठेंगणी, लवकर येणारी, भरपूर पिकणारी. मात्र लवकर येत असल्यामुळे दाणा भरताना पाऊस संपलेला नसे. कणसं भिजत, दाणा काळा पडे. आजी सांगते, ती भाकर गरम असेपर्यंत भाकर असे, गार झाली की चामडं. 'हायब्रीड' हा शब्द आमच्याकडे शिवी म्हणून वापरात आला तो तेव्हापासून. पण त्या काळ्या दाण्याने लोकांची पोटं भरली, हे विसरणं कृतघ्नपणाचं होईल. १९७२ च्या दुष्काळात तर रेशनवर परदेशातला लाल मिलो आला. तो पाहिल्यावर काळ्या ज्वारीबद्दल कुणी तक्रार केली नाही.

तक्रार मी केली. पण ती नंतर, आणि कुठलाही दुष्काळ नसताना.

चौथीत असेन. शाळेत सगळे गोल करून डबे उघडत. एका साहेबाच्या मुलाच्या डब्यात पांढऱ्या, तुपाने चमकणाऱ्या, घडी घातलेल्या पोळ्या असत. माझ्या डब्यात भाकरीचे चार तुकडे. ती अख्खी मावत नसे, म्हणून आई मोडून देई. मी झाकण अर्धवट उघडून त्याच्या आडोशाने जेवत असे, जसा अजूनही काही लोक पासबुकाच्या आडोशाने बॅलन्स पाहतात. एके दिवशी घरी जाऊन जाहीर केलं, "उद्यापासून पोळी दे, नाहीतर डबा नेणार नाही." आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पोळी मिळाली. मागणी मंजूर, कुणाच्या खर्चाने, ते विचारण्याचं कारण नव्हतं. मग पोळीबरोबर भात आला, पुढे कधी ब्रेड आला, आणि भाकर डब्यातून जी गेली ती गेलीच.

आता ती परत आणायची तर थापणार कोण? सौभाग्यवतीने पहिल्याच दिवशी हात वर केले. ती शिक्षिका आहे, सकाळची शाळा, साडेसहाला घर सोडते. "माझं माहेर नागपूरचं," ती म्हणाली, "मला पोळी येते, भाकर नाही. आणि अठरा वर्षं डबा दिला. आता डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय, तर तुम्हीच करा." मी सवयीने आकडेमोड केली. अठरा वर्षं, रविवार, सणवार, आजारपण आणि माहेरपण वजा जाता वर्षाचे २७० धरले, तरी ४,८६० डबे. यातल्या एकाचीही नोंद मी कुठे केलेली नव्हती. उलट भाजीत मीठ जास्त झालं त्या दिवसांची तोंडी नोंद मात्र चोख होती. मी गुपचूप परात काढली.

घरात 'रुचिरा' आहेच. १९७० साली आलेलं कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक लग्नात रुखवतापेक्षा उपयोगी पडलेलं. पानांना हळदीचे डाग. पण भाकर पुस्तकातून येत नाही. आजीने पलंगावर बसून सूत्रं हाती घेतली. कढत पाण्यात पीठ भिजवलं, हात पोळला. थापायला घेतली तर पहिल्या भाकरीला उमरखेडच्या बाजूला शेपूट फुटलं. हुबेहूब यवतमाळ जिल्हा. दुसरीचे तव्यावर टाकेपर्यंत दोन तालुके वेगळे झाले.

"आई कशी करायची गं?" मी विचारलं.

"तुया मायची भाकर कागदावानी," आजी म्हणाली. "तुले पोळी लागे ना, म्हून गहू तुया पुरता अन् तुया बापापुरता. तिनं त मंग धा-बारा वर्स आपल्या ताटात पोळी नाई वाढून घेतली. भाकरच खाये."

आई जाऊन सहा वर्षं झाली. तव्यावरची तिसरी भाकर करपली. आजी ओरडली, "अबे, उलथव ना थे!"

आठ दिवसांनी आजीनेच तडजोड सुचवली. भाकर रविवारी शिकायची, रोजच्याला कण्या. गिरणीतून ज्वारी भरड दळून आणायची, चाळून पीठ वेगळं काढायचं. वाटीभर कण्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी मूठभर मुगाची डाळ, चार वाट्या पाणी आणि मीठ घालून कुकरला लावायच्या. चार शिट्ट्या होईपर्यंत माझी दाढी होते. अंबाडीची भाजी आदल्या दिवशी निवडलेली असली की फोडणीला दहा मिनिटं. जवस भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून कुटलं की चटणी आठवडाभर. हे जवस मी आधी एका चकचकीत दुकानातून 'फ्लॅक्स सीड' या नावाने आणलं होतं. आजीने पाकीट फोडून दाणा चिमटीत धरला, दाताखाली चावला आणि आठवडी बाजारातल्या भावाची चौकशी केली. त्या दिवशी घरात शांतता होती. ज्वारीचंही तसंच झालंय. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, सरकारने तिला 'श्रीअन्न' म्हटलं, आणि जिला मी झाकणाआड लपवलं होतं ती काचेच्या कपाटात जाऊन बसली.

तीन महिन्यांनी आकडा ७.१ वर आला. मी ज्वारीचं कौतुक सुरू करताच डॉक्टरांनी थांबवलं. "ज्वारीचीही साखरच होते," ते म्हणाले. "तुम्ही पूर्वी चार पुडं खात होता, आता दोन खाता. शिवाय गोळ्या घेता आणि चालता. जमा कुठे करायचं ते नीट पाहून करा." हा माणूस आमच्याकडे ऑडिटला यायला हवा होता.

मागच्या महिन्यातली गोष्ट. दोन वाजले होते, मी मागच्या टेबलावर डबा उघडला. एक म्हातारे शेतकरी पीककर्जाच्या कागदासाठी सकाळपासून बसलेले होते. वास आला असावा. ते दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, कण्या?"

"हो."

"बँकेत कण्या?" ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "आमी त कवाच्या सोडल्या. वावरात सोयाबीन अन् कपाशी. रेशनचा तांदूळ भेटते, गहू भेटते. ज्वारी पेरली त पाखरं अन् रानडुकरं ठेवत नाईत. कायच्या भावानं घेतली?"

"पन्नास रुपये किलो."

ते बराच वेळ डब्याकडे पाहत राहिले. मी झाकणात थोड्या कण्या काढल्या, वर अंबाडी आणि चटणी घालून पुढे केल्या. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, हात धुऊन आले, आणि सावकाश, बोटं चाटत जेवले. मग पाणी पिऊन म्हणाले, "अंबाडी बरी झाली. पन मीठ कमी हाय."