मनाच्या दुखण्याची गरज, मागणी आणि पुरवठा



अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मागणी आणि पुरवठा हे दोन शब्द जोडीने येतात. गरज हा तिसरा शब्द सहसा मागेच राहतो. बाजारात मागणी कोणाची? ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याची. उपाशी माणसाला भाकरीची गरज असते, पण खिसा रिकामा असला की बाजाराच्या हिशेबी त्याची मागणी शून्य. मनाच्या दुखण्यात आणखी एक पेच आहे. पोटात दुखू लागले की माणूस दवाखाना शोधतो. मन दुखू लागले की तो ते लपवितो. घरचेही बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठतात. म्हणजे गरज आहे आणि मागणी नाही. मनाची सेवा करणारी माणसे आपल्या देशात कशी तयार झाली, आणि पुरेशी का झाली नाहीत, हा इतिहास या पेचाच्या अंगाने पाहावयाचा आहे.

इंग्रजी अमदानीत सरकारला वेड्याला बरे करण्यापेक्षा त्याला बंदोबस्तात ठेवण्याची चिंता अधिक. १९१२ चा कायदा त्याच वळणाचा होता. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालये त्या अमदानीतली. तेथे मागणी मुख्यतः रखवालदारांची होती, म्हणून रखवालदार मिळाले. मानसशास्त्रज्ञ कोणी मागितलाच नाही. १९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला. इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे मनोरुग्णालयाची एक खाट होती, हिंदुस्थानात सुमारे ४०,००० लोकांमागे एक. नुसत्या खाटा वाढवून भागणार नव्हते; त्या खाटांपाशी उभी राहणारी शिकलेली माणसे हवी होती. त्यासाठी १९५४ साली बंगलोरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. तीच पुढे १९७४ साली निम्हान्स झाली.

आता मी माझ्या कामगार चळवळीतला एक दाखला देतो. १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारे टाटांचे विद्यालय सुरू झाले. पण त्या विद्येला गिरणी-कारखान्यांत पक्की जागा मिळाली ती १९४८ च्या कारखाने कायद्याने. पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले. गरज तर पूर्वीपासूनच होती. कायद्याने तिची मागणी केली आणि मागे पुरवठा आला. या अधिकाऱ्यांशी आम्ही पुष्कळदा भांडलो, कारण त्यांचा पगार मालकाच्या हातून येई. तरी जागा होती म्हणून भांडता तरी आले. उलट, आपल्या इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात उसाच्या फडावर राबणारा तोडकरी पाहा. तो कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो, मुकादमाच्या उचलीत बांधलेला असतो. त्याच्या मनाची विचारपूस करणे हे कोणाचेच काम ठरलेले नाही. ज्याचे नाव पटावर नाही, त्याची गरज मागणी होत नाही.

पुढे १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. १९९२ च्या पुनर्वास परिषदेच्या कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी होऊ लागली. बराच काळ दोन वर्षांचे एम. फिल. हाच तिचा मुख्य दरवाजा होता. रुग्णाच्या दृष्टीने ही शिस्त योग्यच. पण त्या दरवाजात जागा मोजक्या आणि बाहेर मानसशास्त्राचे पदवीधर पुष्कळ. एकीकडे पदवी घेऊन बसलेली मुले, दुसरीकडे मनाचा जाणकार कधी न पाहिलेली गावे, असे विपरीत चित्र उभे राहिले. मध्ये पूल नव्हता, कारण पूल म्हणजे पद, आणि पद म्हणजे पगाराची तरतूद.

२०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठी पाहणी झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आकडे आपल्यालाही बोलके आहेत. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मनाचा काही ना काही विकार होता, आणि विकाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हता.

यावर उत्तर आपल्याच राज्यात शोधले गेले. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर बोलावे, समुपदेशकाने ऐकावे, आणि गरज पडेल तेथे मनोविकारतज्ज्ञाने पाहावे, अशी ती रचना. खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे आधी ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के झाले. यातला धडा असा की सेवा दाराशी आली आणि कोणी विश्वासाने बोलले, तर लपलेली गरज स्वतः बोलू लागते. केव्हा केव्हा पुरवठाच मागणीला जन्म देतो.

पण येथे एक सावधगिरी हवी. गावचे माणूस स्वस्त पडते, म्हणून सारा भार त्याच्यावर टाकण्याचा मोह होतो. आशा कार्यकर्तींना पगार नाही, कामावर मोबदला. आणि नवी योजना आली की वही त्यांच्याच हाती. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला, हे विसरू नये. दुसऱ्याचे मन सांभाळणाऱ्याची चूल पेटती नसेल, तर तो पुरवठा टिकत नाही.

आता कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला. लोकसंख्येच्या मानाने तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्याचा प्रयत्न सरकारने दहा वर्षांत करावा, असेही त्यात लिहिले आहे. कायदा २९ मे २०१८ ला अमलात आला; म्हणजे मुदत मे २०२८ ची. ‘प्रयत्न’ हा शब्द सैल आहे. आठ तासांचा दिवस मागणाऱ्यांनाही असे सैल शब्द पुष्कळ ऐकावे लागले होते. ते घट्ट झाले संघटित मागणीने.

बावडा हे नीरेकाठचे गाव पुण्यापासून दूर आहे. पण बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अडीनडीला १४४१६ हा सरकारी दूरध्वनीही आहे. तेव्हा ग्रामसभेत उभे राहून विचारावे की, आमच्या सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर कोणत्या वारी येतो? तालुक्याला समुपदेशकाचे पद आहे काय? असल्यास भरलेले आहे की रिकामे? उत्तर लेखी मागावे. हे प्रश्न विचारताना कोणी हसेल, तर हसू द्यावे. त्या सभेत मागे बसलेल्या एखाद्याला प्रथमच कळेल की आपले दुखणे बोलण्याजोगे आहे.