मुठीवरील जिल्हई

मोगलकालीन खंजीर पाहतांना दृष्टि प्रथम पात्याकडे वळते. आमच्या मतें ती मुठीकडे वळावयास हवी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत सुमारें १६४० सालची, नीलगाईच्या नराचें मस्तक कोरलेली जेड दगडाची एक मूठ आहे. हा दगड पोलादास दाद देत नाहीं. त्याहून कठीण अशा कुरुंदाच्या ओल्या पुडीनें तो हळूहळू झिजवावा लागतो. पूड जितकी बारीक, तितकी जिल्हई अधिक. म्हणजे ही चकाकी वरून चढविलेली नव्हे, ओरखडे घालविल्यावर उरलेली होय. खंजीर कमरेस खोवणाऱ्यांचीं नांवें इतिहासानें जपिलीं, मुठी घासणाऱ्यांचीं बहुधा हरविलीं. त्यांच्या हातचा कुरुंद मात्र तमिळच्या वाटेनें इंग्रजींत जाऊन 'कोरंडम' म्हणून शास्त्रग्रंथांत स्थिरावला. आम्हांस तीच त्यांची खरी स्मरणखूण वाटते.