हाताने वीज: किती आणि कशासाठी?

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धनच्या आसपासच्या कितीतरी गावांत त्यानंतर बरेच दिवस वीज नव्हती. पुढे कोकणातल्या एका शिक्षकमित्राने मला विचारले, "हँडल फिरवून मोबाईल चार्ज करायची यंत्रे बाजारात मिळतात म्हणे. शाळेसाठी पाच-सहा घेऊन ठेवावीत का? गावाने वर्गणी काढली आहे, पैसे वाया जायला नकोत."

प्रश्न साधा वाटला, पण चटकन उत्तर देता येईना. शोधायला लागलो तेव्हा कळले, की अंगमेहनतीवर रेडिओ किंवा संगणक चालवायचा प्रयत्न गेल्या शंभर वर्षांत अनेकांनी केला आहे. काहींना तो साधला, काहींना नाही. का, ते पाहिले तर मित्राच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. त्यासाठी आधी एक मोजपट्टी हवी.

सायकलचा डायनॅमो

सायकलच्या टायरला टेकवायचा बाटलीसारखा डायनॅमो तुम्ही पाहिला असेल. त्यावर बहुधा '६ व्होल्ट, ३ वॅट' असे लिहिलेले असते. टायरला टेकवला की पायडल किंचित जड होते. डायनॅमोतून वीजप्रवाह वाहू लागला, की तो आपल्याला निर्माण करणाऱ्या गतीलाच विरोध करतो. हा लेंझचा नियम आपण शिकवतो, तो इथे पायांना कळतो. वीज फुकट मिळत नाही, जेवढी घ्यायची तेवढी मेहनत आधी घालावी लागते.

माणूस किती मेहनत घालू शकतो? निरोगी प्रौढ माणूस पायडल मारून तासभर सुमारे ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. मोठे, पक्के बसवलेले हँडल हाताने फिरवले तर १०-२० वॅटच्या आसपास. आणि एका हातात धरून दुसऱ्या हाताने फिरवायची छोटी हँडले असतात त्यांतून जेमतेम दोन-पाच वॅट, म्हणजे सायकलच्या डायनॅमोइतकेच. हे आकडे स्नायूंचे आहेत. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीही ते हेच होते.

पायडलचा रेडिओ

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात शेते आणि गुरांची कुरणे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. आजाऱ्यापर्यंत डॉक्टर विमानाने पोचवावा, या कल्पनेने जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील क्लॉन्करी येथून 'उडत्या डॉक्टर'ची सेवा सुरू केली. पण डॉक्टरला निरोप कसा द्यायचा? तारायंत्राच्या तारा तिथवर नव्हत्या आणि विजेचा तर प्रश्नच नव्हता.

ॲडलेडचा विद्युत अभियंता आल्फ्रेड ट्रेगर याने बिनतारी संदेशयंत्राला जनित्र जोडले. आधी हाताने फिरवायचे हँडल करून पाहिले, पण मग संदेश पाठवायला हात मोकळा राहीना. म्हणून त्याने पायडल बसवले. त्यातून सुमारे २० वॅट वीज मिळे. १९२९ पासून ही यंत्रे दूरच्या वस्त्यांवर पोचू लागली. मोर्स लिपी येत नसलेल्यांसाठी ट्रेगरने पुढे टंकलेखन यंत्रासारखी कळफळी बनवली. अक्षराची कळ दाबली, की त्याचा मोर्स संकेत आपोआप जाई. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: याच रेडिओच्या जाळ्यावरून १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे 'आकाशातील शाळा' सुरू झाली आणि एकाकी वस्त्यांवरची मुले घरी बसून धडे ऐकू लागली.

हे यंत्र चालले, कारण २० वॅट पायांच्या आवाक्यात होते आणि निरोप काही मिनिटांत संपत असे. दिवसभर पायडल मारावे लागले असते, तर एकाही घरात ते टिकले नसते.

चावीचा रेडिओ

१९९१ मध्ये ट्रेव्हर बेलिस हा इंग्रज संशोधक आफ्रिकेतील एड्सच्या प्रसारावरचा एक कार्यक्रम दूरचित्रवाणीवर पाहत होता. रोगाची माहिती रेडिओवरून सर्वांपर्यंत पोचवता येईल, पण खेड्यांत वीज नाही आणि बॅटऱ्या लोकांना परवडत नाहीत, असे त्यात सांगितले गेले. बेलिसला घड्याळाच्या चावीची आठवण झाली. त्याने एक लहान रेडिओ, खेळण्यातली मोटर आणि संगीतपेटीतली चावीची यंत्रणा जोडली. मोटर उलट फिरवली की तिचे जनित्र होते, ही गोष्ट त्याने वापरली. पहिला चालता नमुना १४ मिनिटे वाजला.

अनेक कंपन्यांनी त्याला नकार दिला. १९९४ मध्ये बीबीसीच्या विज्ञानविषयक कार्यक्रमात त्याचा रेडिओ दाखवला गेला, तेव्हा कोठे गुंतवणूकदार पुढे आले. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे कारखाना निघाला. तिथे अपंग कामगारांनाही काम मिळाले.

या रेडिओतली कमान घड्याळातल्यापेक्षा वेगळी होती. साधी कमान सुरुवातीला जोरात आणि शेवटी हळू सुटते, तशी ती वापरली असती तर रेडिओचा आवाजही तसाच उतरत गेला असता. इथे पोलादी पट्टी एका रिळावरून दुसऱ्यावर उलटी गुंडाळली जाई. परत येताना ती जवळजवळ एकसारख्या जोराने ओढत राही. दातेरी चाकांमुळे तिची संथ गती जनित्रापर्यंत वेगवान होई. अर्ध्या-एक मिनिटात चावी दिली की सुमारे अर्धा तास रेडिओ वाजे.

अर्ध्या मिनिटाच्या श्रमावर अर्धा तास! यात जादू नाही. मध्यम आवाजातल्या लहान ट्रान्झिस्टर रेडिओला वॅटचा दहावा भाग पुरतो. अर्ध्या तासाचे १८० ज्यूल झाले. ५० किलोचा विद्यार्थी ३ मीटर उंचीचा एक मजला चढतो तेव्हा तो सुमारे १,४७० ज्यूल कार्य करतो. म्हणजे त्याच्या आठव्या भागात रेडिओ अर्धा तास वाजला, घर्षणात आणि जनित्रात जाईल ते वेगळे. ट्रान्झिस्टरने रेडिओची भूक इतकी कमी केली नसती, तर बेलिसची चावी कामाची ठरली नसती.

हँडलचा लॅपटॉप

हेच यश संगणकात मिळेल असे अनेकांना वाटले. अमेरिकेतील एमआयटीचे निकोलस नेग्रोपॉन्टी यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची योजना मांडली. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत त्याचा हिरवा नमुना दाखवला गेला. त्याच्या बाजूला पिवळे हँडल होते. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ते फिरवले तेव्हा ते निखळून आले, असे सांगितले जाते.

खरी अडचण मात्र हँडल पक्के नव्हते ही नव्हती. हा लॅपटॉप मुद्दाम अत्यंत काटकसरी बनवला होता, तरी त्याला काही वॅट लागतच. समजा दोन वॅट लागतात आणि एक मिनिट हँडल फिरवून दहा मिनिटे काम व्हायला हवे. मग मुलाने त्या मिनिटात २० वॅट द्यायला हवेत, आणि गळती धरली तर आणखी जास्त. मोठा माणूस जिथे दमतो तिथे आठ-दहा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा! शिवाय फिरवण्याचा सारा ताण यंत्राच्या सांगाड्यावर येई. २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले तेव्हा लॅपटॉपवर हँडल नव्हते.

मोबाईलचा हिशेब

आता मोबाईलकडे येऊ. २००० च्या सुमारास मिळणाऱ्या बटणांच्या फोनची बॅटरी ९०० मिलिअँपिअर-तासांची असे. ३.७ व्होल्टने गुणले की सुमारे ३.३ वॅट-तास. तीन वॅटच्या हँडलने, गळती धरून, ती दीड-दोन तासांत भरेल. आजच्या अनेक स्मार्टफोनची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे १९ वॅट-तासांची असते. त्याच हँडलने, वाटेत काहीच वाया गेले नाही तरी, सहा तासांहून अधिक लागतील. प्रत्यक्षात नऊ-दहा तास धरावेत.

गंमत म्हणजे यात अन्न फार लागत नाही. निम्मी ऊर्जा वाया गेली आणि स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तरी हिशेब सुमारे १३० किलोकॅलरींचा होतो, म्हणजे साधारण एका भाकरीचा. भाकरी मिळेल, पण दहा तास हँडल कोण फिरवणार?

थोड्या बोलण्यापुरते मात्र जमते. बोलताना फोनला सुमारे एक वॅट लागतो असे धरले, तर पाच मिनिटे हँडल फिरवून आठ-नऊ मिनिटांचा निरोप देता येईल. पण फोन पूर्ण बंद पडला असेल तर तो सुरू होतानाच बरीच ऊर्जा खातो, आणि हाताचा वेग कमी-जास्त झाला की चार्जिंग तुटते. म्हणून हँडलने आधी यंत्रातली छोटी बॅटरी भरायची आणि तिच्यातून फोन, अशी रचना असलेले यंत्र बरे.

मित्राला काय सांगितले?

चार्जर घेऊ नकोस, असे मी सांगितले. गावात एखादी जीप किंवा ट्रॅक्टर असतो. त्याच्या १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४८० वॅट-तास असतात. सगळे काढायचे नसतात, चौथा भाग वापरला तरी चार-पाच फोन भरतात. त्यासाठी गाडीत लावायचा शंभर-दोनशे रुपयांचा चार्जर पुरतो. बाकीच्या दिवसांसाठी पाच-दहा वॅटची सौरपट्टी घ्यावी. ऊन असेल तेव्हा ती कोणाचा हात न दमवता काम करते. आणि 'निसर्ग'च्या वेळी मोबाईलचे जाळेही कोलमडले होते. टॉवरच बंद असेल तर भरलेला फोन हातात घेऊन काय करणार?

उरलेल्या पैशांत हँडलचे दोन रेडिओ घे, ज्यांत दिवाही असेल, असेही सांगितले. रेडिओला दूरचे केंद्र चालू असले की पुरते. दिव्याची भूक तर आता फारच कमी झाली आहे. सायकलच्या ३ वॅटच्या बल्बइतका उजेड आजचा एलईडी वॅटच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यात देतो.

वर्गात हे सगळे करून पाहता येईल. सायकल उलटी ठेवा, डायनॅमो टेकवा आणि पायडल हाताने फिरवा. आधी तारा मोकळ्या ठेवा, मग बल्ब जोडा, मग बल्बच्या जागी एलईडीचा डायनॅमोवर चालणारा दिवा. प्रत्येक वेळी हाताला काय फरक जाणवतो ते मुलांना सांगू द्या. नंतर प्रत्येकाला आपल्या घरातल्या एका उपकरणावरचा वॅटचा आकडा लिहून आणायला सांगा. त्यातली कोणती उपकरणे आपल्या हातावर चालतील, हे मुलेच ठरवतील.