पावसांत अडणारी मोटार

सुएझ कालव्याच्या प्रकरणामुळें १९५६ च्या डिसेंबरांत इंग्लंडांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें आणि रस्त्यांवर बुडबुड्याच्या आकाराच्या इवल्याशा जर्मन गाड्या दिसूं लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे अध्यक्ष लेनर्ड लॉर्ड यांना त्यांचा मनस्वी तिटकारा होता. मार्च १९५७ मध्यें त्यांनीं अलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे लहान, परंतु खरीखुरी मोटार निर्माण करण्याचें काम सोंपविलें. मात्र इंजिन नवें करावयाचें नाहीं, कारखान्यांत जें तयार आहे तेंच वापरावयाचें, अशी अट होती. पुढील चाळीस वर्षांचे गुण आणि दोष या अटीच्या पोटीं जन्मले.

तयार इंजिन म्हणजे १९५१ च्या ऑस्टिन ए-३० गाडीसाठीं बनविलेलें, ‘ए-सीरीज’ नांवाचें चार सिलिंडरांचें इंजिन. गाडीची लांबी जेमतेम १० फूट ठेवावयाची होती. तींत तें उभें बसविलें असतें तर माणसांना जागा उरली नसती. इसिगोनिस यांनीं तें आडवें ठेविलें, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखालीं घातला आणि दोहोंना एकाच तेलांत नांदविलें. उतरंडीच्या मडक्यांसारखी ही रचना पुढच्या चाकांना फिरवीत असे. तीच ही ‘मिनी’; ती २६ ऑगस्ट १९५९ रोजीं लोकांसमोर आली.

पहिल्या नमुन्यांत कार्ब्युरेटर पुढच्या बाजूस होता. नंतर सबंध इंजिनच उलटें फिरविण्यांत आलें. याचीं दोन कारणें सांगितलीं जातात: थंडींत कार्ब्युरेटरमध्यें बर्फ धरत असे, आणि गिअर बदलणाऱ्या भागांवर फार ताण येई. कारण कोणतेंही असो, कार्ब्युरेटर ऊबदार जागीं मागें गेला आणि ठिणगी वांटणारा डिस्ट्रिब्यूटर, स्पार्क प्लगांसह, थेट पुढच्या जाळीच्या मागें येऊन उभा राहिला. एकाची सर्दी गेली, ती दुसऱ्यास जडली!

१९५९ चा उन्हाळा इंग्लंडांत विलक्षण कोरडा गेला, म्हणून हा दोष आरंभीं ध्यानांत आला नाहीं. पाऊस लागतांच मात्र पुढच्या गाडीनें उडविलेलें पाणी जाळींतून आंत शिरूं लागलें. ठिणगी पाडणाऱ्या विजेचा दाब हजारों व्होल्ट असतो. टोपणावर ओलसर थर बसला कीं ती वीज प्लगाकडे न जातां त्या थरावरून लोखंडांत पळते. इंजिन अडखळतें, आणि गाडी ऐन रस्त्यांत बसकण मारते. कारखान्यानें आडोसे बसविले, रबरी आवरणें दिलीं. मालकांचा तोडगा अधिक मजेदार होता. भांडीं घासण्याच्या रबरी हातमोज्याचीं बोटें टोंकाशीं कापावयाचीं, आणि मोजा डिस्ट्रिब्यूटरवर चढवून प्रत्येक बोटांतून एक तार बाहेर काढावयाची. प्लगांच्या चार तारा व कॉइलची एक मिळून पांच, आणि बोटेंही पांचच! इतका चपखल मेळ मूळ आराखड्यांतही क्वचितच आढळतो.

ज्या अटीनें हा त्रास दिला, तिनेंच एक वरदानही दिलें. ए-सीरीज इंजिनें पुढें पुष्कळ प्रकारचीं निघालीं. परंतु बाहेरचा आकार व पकडण्याच्या जागा बहुतांशीं त्याच राहिल्या. मूळ मिनीचें इंजिन ८४८ घन सेंटिमीटरांचें, सुमारें ३४ अश्वशक्तीचें. तर १९६४ च्या कूपर एस गाडींत १२७५ घन सेंटिमीटरांचें इंजिन ७६ अश्वशक्ति देत असे. ऑस्टिन १३०० किंवा १९८० ची मेट्रो मोडींत निघाली कीं तिचें इंजिन गिअरबॉक्ससह उचलून जुन्या मिनींत बसविण्याची चालच पडली. हें काम घरच्या आवारांतही होई.

पण इंजिन बसलें म्हणजे काम संपलें, असें मानणारे फसत. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असून रोटर घड्याळाच्या उलट दिशेनें फिरतो. घाईंत दोन तारांची अदलाबदल झाली कीं इंजिन खोकतें, परंतु चालत नाहीं. जुना डिस्ट्रिब्यूटर नव्या इंजिनावर चढविला, तर वेग वाढतांना ठिणगी किती अगोदर पाडावयाची याचा हिशेब चुकतो. चढावर खडखड ऐकूं येते, आणि दुर्लक्ष केल्यास पिस्टन भाजतो. कित्येकांनीं दुप्पट शक्तीचें इंजिन घातलें, ब्रेक मात्र जुनेच ठेविले. हें साहस नव्हे, अविचार होय. मूळ कूपर गाडीस १९६१ मध्येंच पुढें डिस्क ब्रेक दिलेले होते, तें उगीच नव्हे.

इसिगोनिस यांची उतरंड इतर कारखान्यांनीं फारशी उचलली नाहीं. इंजिन आडवें, पण गिअरबॉक्स त्याच्या टोंकाशीं, ही इटलींतील दांते जाकोसा यांची मांडणी १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलांत आली आणि तीच जगभर रूढ झाली. भारतांत १९८३ मध्यें आलेली मारुति ८०० ही त्याच वाटेनें गेली. मिनी मात्र हट्टानें आपल्या जुन्या रचनेसह चालत राहिली. १९९६ च्या अखेरीस आलेल्या नमुन्यांत ठिणगीची वांटणी विजेच्या नव्या यंत्रणेकडे सोंपवून डिस्ट्रिब्यूटर काढून टाकला गेला, आणि जाळीमागें रेडिएटर आला. त्यानंतर चारच वर्षांनीं, ऑक्टोबर २००० मध्यें, त्या गाडीचें उत्पादन बंद झालें.