जोधपूरच्या वाटेवरचे काटेरी फूल

जोधपूरच्या वाटेवरच्या या फुलाचे ‘निळसर काटेरी चेंडू’ एवढेच वर्णन असले, तरी ही वनस्पती म्हणजे उंटकटारा (एकायनॉप्स एकिनॅटस) याविषयी शंका नको. थरच्या वाळवंटातली ही अस्सल देशी वनस्पती आपल्याकडच्या कोरड्या माळरानावरही उगवते. इकडे तिला उटकटारी म्हणतात. तिला पिवळा धोत्रा समजू नये. पाने दोन्हींची काटेरी, पण धोत्रा मूळचा मेक्सिकोचा. त्याची फुले सुटी, पिवळी. देठ मोडला की पिवळा चीक येतो. उंटकटाऱ्याची फुले पांढरी ते फिकट निळी असतात आणि पानाची खालची बाजू पांढऱ्या लवेने कापसासारखी मऊ लागते. पान उलटून पाहावे, मात्र कडेचे काटे जपून. चेंडू दिसतो तो एका फुलाचा नव्हे. त्यात अनेक इवली फुले असतात आणि प्रत्येकाभोवती स्वतंत्र काटेरी छदांचे (फुलाखालच्या छोट्या पानांचे) कडे असते. सूर्यफुलाच्या कुळात एरवी अनेक फुलांना मिळून एकच कडे असते. इथे ते फुलागणिक आहे, आणि हीच सर्वांत खात्रीची खूण. या प्रजातीत काही काटे फुलांच्याही वर डोकावतात.