हातकागद : दप्तरापासून गृहसजावटीपर्यंत

वनस्पतिजन्य तंतूंचा लगदा पाण्यात कालवून, तो जाळीदार साच्यावर हाताने उचलून व सुकवून तयार केलेल्या कागदास ‘हातकागद’ म्हणतात. यंत्रनिर्मित कागदाच्या प्रसारामुळे लेखनसाहित्य म्हणून हातकागदाचे महत्त्व जवळजवळ संपुष्टात आले. तथापि भिंतीचे आच्छादन, पडदा, दिव्याचे आवरण अशा रूपांनी गृहसजावटीत त्याला नवे स्थान लाभले. या स्थित्यंतराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जपानी हातकागद होय. महाराष्ट्रातील हातकागदाचा इतिहास वेगळ्या वाटेने घडला असल्याने सजावटीतील त्याचा उपयोगही वेगळ्या स्वरूपाचा आहे.

जपानी परंपरा : जपानी हातकागदास ‘वाशी’ (वा–जपानी, शी–कागद) म्हणतात. कागदनिर्मितीची कला चीनमधून कोरियामार्गे जपानमध्ये पोहोचली. परंपरेनुसार ६१० मध्ये दोन्चो या बौद्ध भिक्षूबरोबर ती तेथे आली. कोझो (कागदी तुती), मित्सुमाता व गांपी या झुडपांच्या अंतर्सालीपासून वाशी तयार करतात. साल क्षारयुक्त पाण्यात शिजवून कुटतात, त्यामुळे तंतू न तुटता सुटे होतात. भेंडीच्याच प्रजातीतील तोरोरो-आओई या वनस्पतीच्या मुळांचा चिकट द्रव पाण्यात मिसळतात. त्यामुळे पाणी सावकाश निथळते व साचा पुनःपुन्हा हलवून लांब तंतूंचे पातळ थर एकमेकांत गुंतविता येतात. परिणामी कागद पातळ, पारभासक आणि तरीही चिवट होतो.

या गुणांमुळे वाशी वास्तूचा भाग बनला. लाकडी चौकटीवर वाशी ताणून केलेल्या ‘शोजी’ या सरकत्या पडद्यांतून मंद प्रकाश घरात येतो, तर ‘फुसुमा’ या अपारदर्शक सरकत्या दारांवर ठशांनी नक्षी उमटविलेला ‘काराकामी’ कागद लावतात. मेजी काळात (१८६८–१९१२) कातड्याचा भास निर्माण करणारा सोनेरी उठावाचा भित्तिकागद यूरोपला निर्यात होऊ लागला. १९५१ मध्ये शिल्पकार इसामू नोगुची यांनी गिफू येथील पारंपरिक कागदी कंदिलांच्या आधारे ‘आकारी’ दीपरचना सुरू केली आणि वाशी आधुनिक अंतर्गत सजावटीत स्थिरावला. असे असूनही विसाव्या शतकाच्या आरंभी साठ हजारांहून अधिक असलेली कागदनिर्मात्या कुटुंबांची संख्या आज काही शेकड्यांवर आली आहे. २०१४ मध्ये सेकिशू-बांशी, होन-मिनोशी व होसोकावाशी या तीन कागदांच्या निर्मितिकलेचा समावेश यूनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत करण्यात आला.

महाराष्ट्रातील परंपरा : भारतात ही कला मुख्यत्वे मध्य आशियातून आली. काश्मीरचा सुलतान झैनुल आबिदीन (कार. १४२०–७०) याने समरकंदहून कारागीर आणविल्याचे सांगितले जाते. दख्खनमध्ये दौलताबाद परिसर कागदासाठी प्रसिद्ध होता. खुलदाबादजवळील कागझीपुरा हे गाव या व्यवसायावरूनच ओळखले जाते व परंपरा त्याचा संबंध मुहम्मद तुघलकाच्या राजधानी-स्थलांतराशी (१३२७) जोडते. पुढे जुन्नर हेही महत्त्वाचे केंद्र बनले. मराठेशाहीच्या दप्तरांत जुन्नरी व दौलताबादी कागदांचा वापर होत असे. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा या नावात हा व्यवसाय अद्याप टिकून आहे. भारतीय कागदाच्या इतिहासाचे साधार संशोधन पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे (१८९१–१९६१) यांनी केले.

कागदी लोक जुने दोर, गोणपाट, जाळी व चिंध्या चुन्याच्या पाण्यात कुजवून कुटीत. लगदा वाहत्या पाण्यात धुऊन हौदात कालवीत व गवताच्या काड्यांच्या लवचिक चटईवर उचलीत. ओला कागद सारवलेल्या भिंतीवर चिकटवून सुकवीत, त्यास खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. येथे दोन्ही परंपरांतील मूलभूत भेद स्पष्ट होतो. जपानी कारागिराला प्रकाश आरपार जाऊ देणारा कागद हवा होता. भारतीय कागदी बोरू सहज चालावा व शाई फुटू नये, यासाठी कागद घोटून घट्ट व अपारदर्शक करी. कीड लागू नये म्हणून हस्तलिखितांस हरताळाचा लेपही देत. म्हणजे येथील कागद घराच्या भिंतीसाठी नव्हे, तर बस्त्यात बांधण्यासाठीच घडत होता. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा स्वस्त कागद कचेऱ्यांत शिरताच त्याचे मुख्य गिऱ्हाईक नाहीसे झाले.

पुनरुज्जीवन : १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व मगनवाडीत हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. अमेरिकन कागदतज्ज्ञ डार्ड हंटर यांनी १९३७ मध्ये भारतातील कागद्यांच्या वस्त्यांना भेटी दिल्या. १९४० मध्ये के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांनी पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. तिचे उद्‌घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांनी केले. कुटण्यासाठी यंत्राचा वापर, सुती कातरणीचा कच्चा माल व प्रशिक्षण यांमुळे व्यवसायाला शास्त्रीय बैठक मिळाली. प्रारंभी भर लेखन व चित्रकलेच्या कागदावर होता. पुढे शुभेच्छापत्रे, वेष्टने, दिव्यांची आवरणे व भित्तिसजावट यांसाठी रंगीत, खरबरीत पोताचे आणि फुलपाकळ्या मिसळलेले कागद तयार होऊ लागले.

सजावटीतील उपयोग व मर्यादा : सुती चिंध्यांच्या कागदात काष्ठद्रव्य (लिग्निन) नसल्याने तो यांत्रिक लगद्याच्या कागदाप्रमाणे लवकर पिवळा पडत नाही. त्याची जाडी, पोत व रंग घेण्याची क्षमता भित्तिफलक आणि दीपावरणांस उपयुक्त ठरते. मात्र कुटताना तंतू आखूड होत असल्याने त्यास वाशीचा पारभासकपणा व चिवटपणा एकत्र लाभत नाही. दमट पावसाळी हवेत तो ओल धरतो आणि खळीमुळे कसर लागण्याचा संभव असतो. कच्च्या मालाची उणीव नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्याचेच उदाहरण घेतल्यास, विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत यंत्रमाग सुरू केल्यापासून तेथे वस्त्रोद्योग वाढला, तर पेठ वडगावच्या परिसरात ऊस मोठ्या प्रमाणावर होतो. टाकाऊ सूत व उसाचे चिपाड ही दोन्ही कागदास चालतात. परंतु चिपाडाचा तंतू आखूड असल्याने त्यात सुती किंवा तागाच्या लगद्याची भर घालावी लागते. ताग व अंबाडी यांचे तंतू वाशीप्रमाणेच सालीतून मिळतात. ते न तोडता वापरल्यास पातळ, चिवट कागद बनविणे शक्य आहे.

जपानमध्ये शोजी व फुसुमा यांच्या रूपाने कागदाला घरात कायमचे काम होते. आधुनिक सजावटकारांनी त्याच कामाचा विस्तार केला. महाराष्ट्रातील कागदाला दप्तर सुटल्यावर असे काम नव्याने शोधावे लागले. वाशीची बाह्य नक्कल करून ते मिळणारे नाही. येथील तंतू, हवामान व घरांची रचना यांना अनुरूप असे उपयोग रुळले, तरच शोभेच्या वस्तूंच्या चंचल मागणीवर अवलंबून असलेल्या कारागिरास स्थिर उपजीविका मिळू शकेल.